टिटवीचं वजन वाढलंय: हंगामाआधी बोट उघडावी की यंदा तशीच न्यावी?

सुकाणू_बडोदे

बडोद्यात राहून बोट बाळगतो म्हणून नातेवाइकांत मी आधीच वेड्यात जमा आहे, तेव्हा इथे मोकळेपणानं लिहितो.

आमची ‘टिटवी’ सोळा फुटी, फायबरची, वरून उघडी. मागे २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक इंजिन आणि एक लहानसं शीड, जे हंगामात दोनदा फोटोपुरतं चढतं. मालक तिघं: मी, मकरपुरा जीआयडीसीत शेड असलेला माझा मित्र, आणि रेवदंड्याचा मामेभाऊ. ऑक्टोबर ते मे ती रेवदंड्याच्या खाडीत असते. कोर्लईच्या किल्ल्याला वळसा, वारं बरं असलं तर मुरूड, एकदाच दिघीपर्यंत गेलोय. मे संपला की आयशर टेम्पोत घालून बडोद्याला. पहिल्या पावसाळ्यात मामेभावाच्या वाडीत माडाखाली ठेवली होती. नारळ पडला आणि पुढच्या पाटाला (म्हणजे पाय ठेवायच्या आतल्या जमिनीला) भोक पडलं. तेव्हापासून पावसाळा शेडमध्ये.

(खंभातचं आखात जवळ आहे की, असं कुणीतरी म्हणेलच. तिथे उधाणाला आठ-दहा मीटर पाणी चढतं-उतरतं, आणि उतरलं की उरतो तो मैलभर चिखल. आमची तेवढी छाती नाही.)

गणपती गेले. आता पितृपक्षातच सगळं उरकायचंय, कारण नवरात्र लागलं की बडोद्यात नऊ दिवस कुणी पाना हातात घेत नाही.

इंजिनाचं काम झालंय, ते आधी सांगतो. गेल्या मार्चमध्ये कोर्लईच्या टोकाशी इंजिनाची ‘मुतारी’ बंद पडली. म्हणजे थंडाव्याचं पाणी फिरतंय हे दाखवणारी जी बारीक धार बाजूनं पडते, ती. लगेच इंजिन बंद केलं आणि वल्ही मारत, मग एका मच्छीमार होडीच्या मागे दोर बांधून परत आलो. आता खालचा भाग उघडला तर पंपातल्या रबरी इम्पेलरच्या सहा पाकळ्यांपैकी दोन गायब. नवा इम्पेलर बसवून मोकळं होता येत नाही, तुटलेल्या पाकळ्या शोधाव्या लागतात. त्या वर जाऊन पाण्याच्या वाटेत अडकतात. एक पाकळी नळीत सापडली. दुसरी थर्मोस्टॅटच्या तोंडाशी चिंचोक्यासारखी बसलेली. दोन तास गेले, पण ती हातात आली तेव्हा दात काढल्यावर वाटतं तसं वाटलं.

गिअर ऑइल काढलं तर दूध जास्त पडलेल्या चहासारखं. म्हणजे सीलमधून पाणी आत. पंखा (पाण्यातला, प्रोपेलर) काढला आणि कारण दिसलं: शाफ्टभोवती तंगूस (मासेमारीची नायलॉन दोरी) गुंडाळलेली, वितळून सीलमध्ये घुसलेली. सील बदललं, तेल खालच्या भोकातून वर येईपर्यंत भरलं, दोन्ही बुचांचे वायसर नवे, पंख्याची स्प्लिट पिन नवी. बॅटरी चार महिने चार्जरवर होती, १२.६ दाखवते. प्लग नवे. हे सगळं ठीक.

आता खरा प्रश्न. २०२१ मध्ये बोट घेतली तेव्हा टेम्पोचा काटा केला होता, रिकाम्याचा आणि भरल्याचा. इंजिन, टाकी, बॅटरी सोडून बोट ३१० किलो. ती चिठ्ठी मी फाइलीत लावून ठेवली होती (बायको हसली होती). परवा शेड बदलताना सहज म्हणून पुन्हा काटा केला. ३७०.

साठ किलो आले कुठून? पाट आणि तळ यांच्यामध्ये फोम भरलेला आहे, बोट पाण्यानं भरली तरी तरंगावी म्हणून. तो पाणी प्यायलाय का? पाट कापून बघावं की यंदाचा हंगाम काढून मे महिन्यात उघडावं? मित्र म्हणतो चालवून घेऊ. मामेभाऊ म्हणतो, रंग द्या नि घेऊन या.


रावपुरा_रिटर्न्स

धागा आवडला, वाचनखूण साठवली. बोटीतलं काही कळत नाही, पण काट्यातलं कळतं, वडिलांचा ट्रान्सपोर्टचा धंदा होता. तो काटा दहा किलोच्या पटीत दाखवतो. ड्रायव्हर दोन्ही वेळा खाली उतरला होता का? डिझेल किती होतं? पन्नास लिटर डिझेलचा फरक म्हणजे चाळीसेक किलो तिथेच गेले.


सुकाणू_बडोदे

रास्त शंका. आज पुन्हा केला. तोच टेम्पो, आधी रिकामा, मग लगेच बोट घालून, ड्रायव्हर दोन्ही वेळा खाली उभा राहून विडी ओढत होता. ३७०.


गप्पिष्ट

२०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री घरात आली तेव्हा ही बोट कुठे होती काका? आम्ही तीन दिवस गच्चीवर होतो.

ट्रायल तिथेच घ्या की. मगरी नजर ठेवतील.


सुकाणू_बडोदे

शेडमध्ये, चार फूट पाण्यात, टायरांवर बांधलेली. दोर सोडायला जाणार कोण? आणि आता तू म्हणतोस तर लक्षात येतंय, पुराचं पाणी तेव्हाच आत गेलं असेल का?


रेझिनवाला

३० वर्षं फायबरच्या टाक्या, पत्रे, पाइप केलेत, बोटी फक्त दोन. तरी सांगतो.

आधी कापू नका. एक रुपयाचं नाणं घ्या आणि पाटावर वीत-वीतभर अंतरावर वाजवत जा. निरोगी फायबर टणटण वाजतं. जिथे थर सुटलेत किंवा खाली पाणी आहे तिथे आवाज बसका येतो, ओल्या मडक्यासारखा. खडूनं खुणा करा. मागची फळी, जिच्यावर इंजिन टांगता, तीसुद्धा वाजवा. तिच्या पोटात प्लायवूड असतं, आणि इंजिनाच्या बोल्टच्या भोकांतून पाणी गेलं की ते आतून कुजतं. बाहेरून चकचकीत. इंजिन बसवून खालचा पाय धरून हलवा. फळी वाकताना दिसली तर बाकी सगळी चर्चा बंद, आधी फळी.

फळी ठीक असेल तर नाळ (बोटीचं पुढचं टोक) जरा उंच करून बोट तिरकी ठेवा आणि पाटाखालच्या पोकळीच्या सगळ्यात खालच्या, मागच्या कोपऱ्यात आतल्या बाजूनं ६ मिलिमीटरचं एकच भोक पाडा. बाहेरच्या तळाला हात लावायचा नाही. काय येतंय ते बघा, मग बोलू.


मांडवीकरीण

मला बोटीबद्दल काही विचारायचं नाही, पण एक विचारते. लाईफ जॅकेट किती आहेत आणि माणसं किती नेता?

बडोद्यातल्या हरणी तलावात जानेवारी २०२४ मध्ये शाळेच्या सहलीची बोट उलटली. बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त जण बसवले होते आणि बहुतेकांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. त्या दिवशी आमच्या शेजारच्या मुलीची सहल दुसरीकडे होती, तरी संध्याकाळपर्यंत तिची आई दारातच उभी होती. त्यानंतर मी कुठल्याही तलावावर मुलांना घेऊन गेले की आधी जॅकेटं मोजते. तुमचा धागा वाचला, इम्पेलर, गिअर ऑइल सगळं आलं, जॅकेट कुठेच आलं नाही.


सुकाणू_बडोदे

खरं आहे, आलं नाही. लिहिताना डोक्यातही आलं नाही, हे जास्त वाईट.

सहा आहेत. आत्ता माळ्यावरून काढून बघितली. दोन ठीक. दोघांचे पट्टे उन्हानं असे झालेत की जोरात ओढल्यावर शिवण उसवली. उरलेली दोन एका दुकानातून स्वस्तात घेतलेली; बादलीत दाबून धरली तर अर्ध्या तासात फोम पाणी पिऊन जड. म्हणजे बुडत्याला ती खालीच नेतील. चार नवी घेतोय, वजनाप्रमाणे मापाची, शिट्टीसकट. नेतो आम्ही चार-पाच जण. एकदा सहा होतो.


दर्यावर्दी७२

भाऊ, मी अलिबागचा, बापजाद्यांपासून होडी. आमच्या आजाकडे लाकडाची होती. पावसाळ्यात नाळ वर करून वाळूवर उलथी घालायचे, नारळी पुनवेच्या आधी फटींत कापूस ठोकायचे, वर राळ-तेलाचं लुकण. लाकूड पाणी प्यायलं तर फुगतं आणि फट आपोआप मिटते. तुमचं फायबर पाणी प्यायलं तर कुणाला सांगत नाही.

साठ किलो म्हणजे एक माणूस. तो बिनतिकिटाचा, तळाला झोपलेला, आणि बोट भरली की पहिला तोच खाली ओढणार. उघडा.


सुकाणू_बडोदे

रविवारचा अहवाल.

नाणं वाजवलं. मागची फळी टणटण, हुश्श. पाट पुढे चांगला, पण मधल्या खुर्चीभोवती परातीएवढी जागा बसकी. आता कबुली देतो: ती खुर्ची दोन वर्षांपूर्वी आम्हीच बसवली. चार स्क्रू, ड्रिलनं भोकं पाडून सरळ पाटात. सीलंट नाही, वायसर नाही. त्या दिवशी घाई होती, मामेभावाकडे जेवायला सुरमई होती.

मग भोक पाडलं. मिनिटभर काहीच नाही. मित्र म्हणाला, बघ, सांगत होतो. आणि तेवढ्यात एक थेंब आला, मग दुसरा, मग बारीक धार. रंग कोऱ्या चहाचा. खाली डबा ठेवून घरी गेलो, सकाळी सात लिटर भरलेले. पुराचं की समुद्राचं? हाताचं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. म्हणजे पूर निर्दोष, खुर्ची दोषी.


रेझिनवाला

साहेब, फायबरच्या पोटातलं पाणी चाखू नका हो. त्यात स्टायरीन असतं, रेझिनमधलं रसायन. तुरटी-बिरटीनं चूळ भरा.

सात लिटर म्हणजे साठातले सातच. बाकीचं फोममध्ये आहे. ते भोकातून येणार नाही, वर्षभर ठेवलं तरी.


इंदूरी_पोहे

आमच्या ओळखीच्यांनी महेश्वरला अशीच बोट पंखे लावून वाळवली होती, दोन महिने. वरून कोरडी, आत तशीच. फोम वाळत नाही असं तेही म्हणाले.

थोडं अवांतर: त्यांना इंजिनावरचा तो गंजणारा तुकडा बदलायचाय, अॅनोड. दुकानदार जस्ताचा देतोय. नर्मदेत चालेल?


सुकाणू_बडोदे

जस्त समुद्रासाठी. गोड्या पाण्यात मॅग्नेशियम. खाडीत, जिथे दोन्ही येतं, तिथे अॅल्युमिनियमचा बरा, आम्ही तोच लावतो. अर्धा झिजला की बदलायचा, आणि काही झालं तरी त्यावर रंग लावायचा नाही. आमच्या शेडमधल्या पोरानं एकदा हौसेनं इंजिनाबरोबर तोही रंगवला होता. रंगाखाली तो झिजत नाही आणि त्याच्याऐवजी इंजिनाचं कवच झिजतं.

फोमबद्दल: ठरलं, कापतोय.


गप्पिष्ट

पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). फोटो टाका.


सुकाणू_बडोदे

फोटो नाहीत, हात भरलेले होते. लिहूनच सांगतो.

पाटात दीड बाय दोन फुटांची खिडकी कापली. कापलेला तुकडा जपून ठेवला, झाकण म्हणून तोच परत बसवायचाय. आतला फोम पिवळा हवा, तो गडद तपकिरी. खुरप्यानं काढला. मुरलेल्या ढोकळ्यासारखा: दाबला की पाणी, सोडला की पुन्हा फुगणार. शेडमधल्या दोन पोरांनी पोत्यात भरून शेजारच्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवला, ४१ किलो भरला. पाण्यासकट अर्थात. त्यातलं एक ढेकूळ गच्चीवर वाळत टाकलं होतं, चार दिवसांनी त्याचं वजन पूर्वीच्या दहाव्या हिश्शाहून कमी. म्हणजे आम्ही गेल्या वर्षी मुरूडला गेलो तेव्हा पाटाखाली सात-आठ बादल्या पाणी घेऊन फिरत होतो, आणि मी इंजिनाला नावं ठेवत होतो की हल्ली जोर कमी पडतो.

जोर सोडा, मांडवीकरीण ताईंचा प्रश्न आता नीट कळतोय. फोमच्या जागेत एक लिटर हवा असेल तर बोट भरल्यावर ती साधारण एक किलो उचलून धरते. तिथे पाणी असेल तर काहीच उचलत नाही. त्या पोकळीतली साठेक लिटर जागा पाण्यानंच भरलेली होती. पलीकडे पन्नास किलोचं इंजिन. आम्ही सहा जण बसलो होतो त्या दिवशी एखादी मोठी लाट आत आली असती तर बोट तरंगत राहिली असती की नाही, ते मला खरंच सांगता येत नाही. त्या सहांत माझा भाचा होता, नऊ वर्षांचा.

आता परत काय भरू? पोरं म्हणतात थर्मोकोल, पॅकिंगचा फुकट मिळतो.


रेझिनवाला

थर्मोकोल अजिबात नको. पेट्रोलचा थेंब पडला की तो विरघळतो, आणि पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीननंही. तुम्ही वरून झाकण चिकटवाल आणि खाली त्याची पेज होईल. दोन भागांचा ओतायचा पीयू फोम बडोद्यात मिळतो, पण थर थर करून ओतावा लागतो, एकदम ओतला तर तापतो, फुगतो, पाट वर उचलतो. आणि त्याच्या वाफा वाईट, मास्कशिवाय नाही.

झाकण बसवताना: कड दोन्ही बाजूंनी उतरती घासा. फायबर चार मिलिमीटर जाड असेल तर उतार त्याच्या बारा पट, म्हणजे पाच सेंटिमीटर. बहुतेक जण सरळ फटीत लांबी भरून वर रंग मारतात, ते पहिल्या लाटेला चरकतं. अॅसिटोननं पुसा, ३०० ची मॅट (काचतंतूंची चटई), आधी लहान तुकडा मग मोठा. शेवटच्या थरावर प्लॅस्टिक अंथरून हवा दाबून काढा, नाहीतर पॉलिएस्टर हवेत चिकट राहतं. सध्या दुपारी ३५ अंश आहे, तेव्हा एक किलो रेझिनला हार्डनर १० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, नाहीतर डब्यातच घट्ट होईल.

आणि हे मोठ्या अक्षरात समजा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट व्हावं म्हणून घालतात ते) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही मिसळायचे नाहीत. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मग हार्डनर. दोन्ही एकाच मापात घेतले तर पेट घेतं. माझ्या डाव्या हाताची दोन बोटं बघितलीत तर विचारावं लागणार नाही.


दर्यावर्दी७२

फोम भरूच नका. आमच्याकडे काही पोरं बंद डबे ठेवतात. खराब झाला की एक डबा बदलायचा, होडी कापायची नाही.


सुकाणू_बडोदे

हे एकदम पटलं. बडोद्यात कसली कमी असेल, केरब्यांची (प्लॅस्टिकच्या बंद डब्यांची) नाही! पाच लिटरचे नवे चौदा केरबे आणले, झाकणांना आतून रबर, वरून सीलंट. चौदा पाचे सत्तर लिटर. मागून-पुढून कोंबून बसवले, मध्ये टीव्हीच्या खोक्यात येतो तो पांढरा लवचिक फोम, म्हणजे खडखडणार नाहीत (रेझिनवाल्यांना विचारून, तो विरघळत नाही). आणि झाकण कायमचं चिकटवण्याऐवजी कडेला चौकट करून, रबरी पट्टी लावून स्क्रूनं बसवलंय. या वेळी प्रत्येक स्क्रूला सीलंट. दर मे महिन्यात उघडून हात घालून बघायचं. आधीच्या सहा मिलिमीटरच्या भोकाला पितळी बूच लावलं.

मित्र म्हणाला, एवढं करायचं तर खुर्ची कशाला? खुर्ची काढली. तिची चारही भोकं बुजवली. आता पाटावर उकिडवं बसायचं.


मांडवीकरीण

भाच्यासाठी लहान मापाचं जॅकेट घेतलंत का? मोठ्यांचं मुलांच्या डोक्यावरून निघून जातं.


सुकाणू_बडोदे

घेतलं. पायांमधून जाणाऱ्या पट्ट्याचं. त्याला आत्ताच घालून घरभर हिंडायचंय. आणि बोटीच्या आत, सुकाणूजवळ, लाल रंगानं लिहिलंय: ४ माणसं. मामेभावाला फोटो पाठवला. तो म्हणाला, पाहुणे नाराज होतील. म्हटलं, होऊ देत.


रावपुरा_रिटर्न्स

पेट्रोलचं काय केलंत? टाकीत मेपासूनचं पडून असेल ना? आमच्या जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर हल्ली दर दोन महिन्यांनी रडतो.


सुकाणू_बडोदे

बरं विचारलंत. दहा लिटर उरलं होतं. काचेच्या बरणीत ओतून उन्हात धरलं तर दोन थर. वर निळसर, खाली बोटभर फिक्कट. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल, ते दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून खाली बसतात. टू-स्ट्रोकला ते फार वाईट, कारण ऑइल वरच्या पेट्रोलमध्ये राहतं आणि टाकीतली नळी तळातून खेचते. म्हणजे इंजिनाला पहिला घोट बिनतेलाचा. सगळं काढून टाकलं, टाकी वाळवली, कडक झालेली नळी आणि चिरलेला हातपंप दोन्ही बदलले. आता निघायच्या आदल्या दिवशी ताजं भरायचं, लिटरला २० मिलिलिटर ऑइल, आणि परत आलो की उरलेलं मामेभावाच्या मोटारसायकलमध्ये. धूर सोडत जाईल थोडे दिवस.

इंजिन पिंपात टांगून पंधरा मिनिटं चालवलं. मुतारी जोरात. शेडमधल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.


अजून_एक_कुलकर्णी

एवढा मोठा धागा आणि कुणी आरमाराचा विषय काढला नाही? बिलिमोऱ्याला गायकवाडांचं आरमार होतं, ओखा बंदर बडोदा संस्थानानं बांधलं. बडोदेकराला बोट बाळगताना लाजायचं कारण नाही.


गप्पिष्ट

कुलकर्णीसाहेब, आरमारातल्या खुर्चीच्या स्क्रूला सीलंट होतं का तेवढं सांगा.


सुकाणू_बडोदे

खंडेनवमीला शेडमधल्या लेथबरोबर टिटवीच्या इंजिनाचीही पूजा केली. झेंडूचा हार पंख्याला नको, वर कवचाला घाला, असं मीच ओरडलो, मागच्या वर्षीचा दोरा निघेपर्यंत अर्धा तास गेला होता.

काटा पुन्हा केला, केरब्यांसकट: ३२०. दहा किलो जास्त, ती चौकट आणि झाकण.

आता कोजागरीला पाण्यात उतरवायचा बेत आहे. चांदणं, मसाला दूध, कोर्लईचा किल्ला.


दर्यावर्दी७२

कोजागरीला कशाला, भाऊ? पुनव म्हणजे उधाण. रेवदंड्याला दुपारी बाराच्या सुमारास भरती, मग ओहोटीचं सगळं पाणी कुंडलिका नदीतून जोरात बाहेर, आणि नेमकं तेव्हाच खारं वारं (समुद्राकडून येणारं) समोरून. मुखाशी लाटा उभ्या राहतात. चार महिने बंद असलेलं इंजिन त्या ओढीत पहिल्यांदा तपासणार?

पुढच्या अष्टमीला जा. भांगाची (कमी चढ-उताराची) भरती, पाणी मऊ. सकाळी मतलई (जमिनीकडून येणारं वारं) असताना निघायचं, वारं फिरायच्या आत परत. आणि पहिल्या दिवशी दोघंच, तेही खाडीच्या आत. चांदणं धक्क्यावरून बघा, दूध तिथेही गोड लागतं.


सुकाणू_बडोदे

ऐकलं. कोजागरी धक्क्यावर.

अष्टमीला, सकाळी पावणेसातला, मी आणि मामेभाऊ. जॅकेटं अंगावर, इंजिनाची लाल दोरी (माणूस पडला तर इंजिन बंद करणारी) मनगटाला, वल्ही दोन, नांगराला तीस मीटर नायलॉन, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आणि तटरक्षक दलाचा १५५४ नंबर झाकणाच्या आतल्या बाजूला रंगवलेला. घरी सांगून ठेवलं, दहापर्यंत फोन आला नाही तर मामाला धक्क्यावर पाठवा.

तिसऱ्या ओढीला इंजिन लागलं. धार बघितली. गप्पा मारत पुलापर्यंत गेलो, परत आलो, दर पाच मिनिटांनी मी मागे वाकून धार बघत होतो, शेवटी मामेभाऊ म्हणाला, तिला नजर लागेल. बोट चांगलीच हलकी लागते. वळताना पूर्वी मागून जो एक आळशी झोका यायचा, तो गेला. मी तो बोटीचा स्वभाव समजत होतो.

परत आल्यावर पितळी बूच काढून बघितलं. एक चमचाभर पाणी आलं.


रेझिनवाला

चाखलंत का?


सुकाणू_बडोदे

चाखलं. गोडं होतं. कोजागरीच्या रात्री धक्क्यावर दव फार पडलं होतं, आणि झाकणाचा एक स्क्रू मामेभावानं केरबे बघायला काढून तसाच ठेवला होता.